मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स गाडी आणि ओंटारिओचा हिवाळा

ऑक्टोबर उजाडला की टोरांटो-मिसिसागाकडच्या आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. उन्हाळ्यात कुणी हौसेने सेकंडहँड मस्टँग घेतलेली असते, कुणी माझ्दा मियाटा, कुणी टोयोटा ८६. आता बर्फ पडणार, मग गाडीचं करायचं काय? सल्ला देणारे दोन टोकांचे भेटतात. एक म्हणतो, विकून टाक आणि एसयूव्ही घे. दुसरा म्हणतो, काही होत नाही, फक्त हळू चालव. मला दोन्ही पटत नाहीत. रीअर-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स गाडी दक्षिण ओंटारिओच्या हिवाळ्यात रोज वापरता येते. मात्र त्यासाठी चांगले विंटर टायर हवेत, उजव्या पायाला नवी सवय लावायला हवी आणि काही दिवस गाडी घरी ठेवायची तयारी हवी. यातलं एकही जमणार नसेल, तर खरंच दुसरी गाडी बघा.

आधी गाडीचा स्वभाव समजून घ्या

या गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. साध्या कोरोला किंवा सिव्हिकमध्ये इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेलं असतं, म्हणून त्या बर्फातून निमूटपणे निघतात. आपल्या गाडीत पुढची चाकं फक्त दिशा देतात. ढकलण्याचं काम मागच्या चाकांचं, आणि नेमकं तिथेच वजन बेताचं. म्हणून थांबलेली गाडी हलवताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि वळणात जास्त रेस दिली की गाडीचं बूड बाहेर जातं. (पोर्शे ९११ याला अपवाद. तिचं इंजिनच मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे ती बर्फातून पटकन निघते.)

इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याची उलटी बाजू मात्र लक्षात येत नाही: इंजिनचा ब्रेकसुद्धा फक्त मागच्या चाकांवरच लागतो. भारतात घाटात गाडी चालवलेल्या माणसाला उतार खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय असते. बोरघाट असो की कशेडी, ती सवय योग्यच आहे, कारण ब्रेक तापत नाहीत. पण बर्फावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागची चाकं क्षणभर रस्त्यापेक्षा हळू फिरतात आणि पकड सोडतात. हँडब्रेक ओढल्यावर जे होतं तेच. मागच्या चाकांना ताकद देताना आणि ती काढून घेताना, दोन्ही वेळा बदल सावकाश व्हायला हवा. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी पहिली: टायर

एसयूव्हीचा फोर-व्हील ड्राइव्ह तिला सुटायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात आणि किती अंतरात थांबायचं हे टायरचं रबर ठरवतं. चांगल्या विंटर टायरवरची मियाटा, ऑल-सीझन टायरवरच्या भल्यामोठ्या एसयूव्हीपेक्षा आधी थांबू शकते.

स्पोर्ट्स गाडीबरोबर बऱ्याचदा समर टायर येतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होऊ लागतं आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पकड कमी होते. कडाक्याच्या थंडीत अशा काही टायरना चिरा पडतात. तेव्हा पहिल्या बर्फाची वाट पाहू नका. सकाळचं तापमान सात-आठच्या खाली राहायला लागलं की टायर बदला. टोरांटोकडे ही वेळ साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, आणि पहिल्या बर्फानंतर टायरवाल्यांकडे आठवडाभर नंबर लागत नाही.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. 'ऑल-वेदर' म्हणून मिळणाऱ्या टायरवरही हे चिन्ह असतं आणि साध्या गाडीला ते चालून जातात, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मी अस्सल विंटर टायरच सुचवेन. चारही चाकांना घाला. पैसे वाचवायला फक्त मागे घातले तर गाडी सुटेल, पण ना नीट वळेल ना वेळेवर थांबेल. फक्त पुढे घातले तर पहिल्याच वळणात मागची बाजू पुढे यायला बघेल.

रुंदीबद्दल लोकांचा गैरसमज असतो. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्या ट्रॅकवर खरं. ताज्या बर्फात अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो आणि रुंद टायर त्यावर तरंगतो. म्हणून हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिमचा, थोडा अरुंद आणि जाड बाजूचा वेगळा सेट घ्यावा. टोयोटा ८६ वर मूळ २१५/४५ आर १७ टायर येतो (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). तिथे २०५/५५ आर १६ बसतो आणि चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते. जाड बाजू असली की खड्ड्यात रिमही वाचते, आणि मार्चमध्ये इथे खड्ड्यांना तोटा नसतो. मस्टँगच्या काही मॉडेलांना मोठे ब्रेक असतात, त्यामुळे लहान रिम त्यांवर बसते का, हे पैसे देण्याआधी विचारा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर हिवाळ्यात चारही एका मापाचे घेणं बरं.

रिमसकट सेकंडहँड सेट ऑनलाइन खूप मिळतात. विकत घेताना टायरच्या बाजूवरचा डीओटी क्रमांक बघा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना सेट मी स्वस्तात मिळाला तरी घेणार नाही. नक्षी कितीही खोल दिसो, रबर वाळलेलं असतं. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर बर्फासाठी संपला. टायर बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्या.

क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते. ती आपणहून मिळेलच असं नाही, फोन करून मागा.

पायरी दुसरी: गाडीची तयारी

टायरची हवा दर सहाएक अंश थंडीला साधारण १ पीएसआयने उतरते. २० अंशांत भरलेली हवा उणे १० ला पाचएक पीएसआयने कमी झालेली असते. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर तपासा.

काच धुण्याचं पाणी उणे ४० चं भरा. उन्हाळ्यातलं पाणी टाकीत गोठून पंप बिघडवतं. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर नोव्हेंबरमध्येच तपासून घ्या, कारण उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि घट्ट झालेलं इंजिन ऑइल तिच्याकडे जास्त ताकद मागतं.

स्पोर्ट्स गाडीचे दोन खास प्रश्न असतात, जे साध्या गाडीवाल्याला माहीत नसतात. पहिला, दारांना वरची चौकट नसते. बऱ्याच गाड्यांत हँडल ओढलं की काच आधी बोटभर खाली उतरते, मग दार सुटतं. रात्री पाऊस पडून गोठला की ती काच रबराला चिकटून बसते आणि उतरत नाही. अशा वेळी दार हिसडलं तर रबर फाटतं, नाहीतर काच तडकते. हिवाळ्याआधी रबरी कडांना सिलिकॉन ग्रीस लावून ठेवा. तरीही चिकटलीच, तर तळहाताने काचेवर बाहेरून हलकेच दाबत कडेकडेने बर्फ मोडा; गरम पाणी मुळीच ओतू नका. दुसरा प्रश्न कापडी छताचा. त्यावर बर्फाचं ओझं साठू देऊ नका, मऊ ब्रशने झाडा, खरवडणी लावू नका आणि गोठलेलं छत उघडू नका.

मिठाबद्दल: रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीचं पोट खातं. उणे १० च्या वर उबदार दिवस मिळाला की खालून पाणी मारणारं कार वॉश घ्या आणि वर्षातून एकदा गंजरोधक तेलाची फवारणी करून घ्या. धुतल्यानंतर थोडी गाडी फिरवून ब्रेक हलके दाबत वाळवा. सपाट जागी लावणार असाल तर रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा, नाहीतर ओले पॅड गोठून चाक अडकतं.

डिक्कीत वजन ठेवावं का? पिकअप ट्रकवाले वाळूच्या गोण्या ठेवतात, ते त्यांना लागू पडतं. मियाटासारख्या गाडीत वजन पुढे-मागे जवळपास समान असतं, तिला याची गरज नाही. मस्टँगमध्ये तीसेक किलोची एक गोणी चालेल, पण ती शक्य तितकी ॲक्सलच्या जवळ आणि नीट बांधलेली हवी. डिक्कीच्या टोकाला ठेवलेलं वजन घसरताना बुडाला आणखी बाहेर फेकतं. गोणीतली वाळू कोरडी असू द्या, अडकल्यावर तीच चाकाखाली टाकता येते.

पायरी तिसरी: निघताना

पूर्ण गाडी झाडा: छत, बोनेट, दिवे, नंबर प्लेट. छतावर राहिलेला बर्फ पहिल्या ब्रेकला सरकून समोरच्या काचेवर येतो आणि तुम्हाला काही दिसत नाही. एलईडी दिवे गरम होत नाहीत, त्यांवरचा बर्फ वितळत नाही, हाताने पुसावा लागतो. हेडलाइट स्वतः लावा. बऱ्याच गाड्यांत दिवसाचे आपोआप लागणारे दिवे फक्त पुढे असतात, मागे अंधार असतो. आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे इंजिन चालू करण्याआधी बघा.

आता सुटायचं. स्टीअरिंग सरळ ठेवा. मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, रेस न देता क्लच इतका हळू सोडा की गाडी आपल्या आपण रांगायला लागेल. चाकं सुटू लागली की आवाज आधी येतो, एक बारीक सरसर. मग सीटखाली बूड किंचित एका बाजूला गेल्यासारखं वाटतं. तेवढ्यात क्लच पुन्हा थोडा दाबा, थांबा, परत सोडा. रेस वाढवून काही साधत नाही. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो लगेच गोठतो आणि तुम्ही स्वतःसाठी काच तयार करता. ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड असेल तर तो लावा.

घरासमोर नगरपालिकेचा नांगर (बर्फ हटवणारी गाडी, स्नोप्लाउ) रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. त्याला ठोकर देऊन पार व्हायचा मोह आवरा. या गाड्यांच्या पोटाखाली जेमतेम १२ ते १४ सेंटिमीटर जागा असते. पुढचं प्लास्टिक तर तुटतंच, वर गाडी बर्फावर पोट टेकून बसते आणि चाकं हवेत फिरतात. फावडं घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी चौथी: रस्त्यावर

अंतराचा हिशोब डोक्यात पक्का असू द्या. ताशी ५० च्या वेगाने ब्रेक दाबल्यावर गाडी कोरड्या डांबरावर साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर हेच अंतर ४० ते ५० मीटर होतं आणि गुळगुळीत बर्फावर १०० च्या आसपास जातं. ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांच्या जागी सहा-आठ सेकंदांचं अंतर ठेवा. कुणी मध्ये घुसलं तर घुसू द्या, पुन्हा अंतर वाढवा.

सगळ्यात निसरडा बर्फ शून्याच्या आसपास मिळतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला बर्फ उलट बरा पकडतो, पण तेव्हा साधं मीठ काम करत नाही. पूल आणि फ्लायओव्हर खालूनही थंड होतात, म्हणून आधी गोठतात. काळसर ओला दिसणारा रस्ता आणि पुढच्या गाड्यांच्या चाकांतून पाणी मात्र उडत नाही, असं दिसलं की तो ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्याला न दिसणारा पातळ बर्फ समजा.

वळणाचं काम वळणाआधीच संपवा. ब्रेक सरळ रस्त्यावर, मग ब्रेक सोडून वळा, वळणात ॲक्सिलरेटर नुसता धरून ठेवा, आणि स्टीअरिंग सरळ होत येईल तसतशी रेस वाढवा. या तीन गोष्टी कोरड्या रस्त्यावर एकत्र करता येतात. बर्फावर टायर एका वेळी एकच काम नीट करतो. वळणात गाडी जास्तच वेगात शिरली आहे असं वाटून पाय एकदम उचलला, तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, वरून इंजिनचा ब्रेक लागतो, आणि बूड निघतं. नवख्यांच्या गाड्या बहुतेक वेळा रेस दिल्याने नाही, तर अशा दचकून पाय काढल्याने फिरतात.

उतारावर वरूनच वेग कमी करून घ्या. गिअर खाली टाकायचाच असेल तर क्लच सोडण्याआधी किंचित रेस देऊन इंजिनचा वेग चाकांशी जुळवा. ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड थरथर झाली तर घाबरून पाय काढू नका. ते एबीएस आहे, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा. पाय दाबलेलाच ठेवा आणि स्टीअरिंगने गाडी न्या. क्रूझ कंट्रोल बर्फात बंद.

निळे दिवे लुकलुकणारे नांगर हायवेवर तिरक्या रांगेत चालतात. त्यांना ओलांडू नका. त्यांच्यापुढचा रस्ता साफ नसतो, आणि ओलांडताना उडणाऱ्या बर्फात समोरचं काही दिसत नाही.

पायरी पाचवी: बूड निघालंच तर

कॅनडात सप्टेंबर २०११ नंतर बनलेल्या प्रत्येक प्रवासी गाडीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) सक्तीचं आहे. ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरतं. रस्त्यावर ते कायम चालू ठेवा. जुन्या मियाटांमध्ये ते नसतं, तिथे सगळं तुमच्याच हातात.

बूड उजवीकडे जातंय असं जाणवलं की ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढा आणि मॅन्युअल असेल तर क्लच दाबा, म्हणजे मागची चाकं मोकळी फिरतील. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, समोरच्या खांबावर नको. हात नजरेमागून जातात. स्टीअरिंगही उजवीकडे फिरवा, बूड ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला. इथपर्यंत बरेच जण करतात. गाडी जाते ती यानंतर. मागची चाकं अचानक पकड घेतात आणि स्टीअरिंग अजून उजवीकडेच असेल, तर बूड दुप्पट जोराने डावीकडे येतं. म्हणून बूड परत येऊ लागल्याचं जाणवताच, गाडी पूर्ण सरळ व्हायची वाट न बघता, स्टीअरिंग सोडवत आणा. दुसरा झोका आलाच तर पुन्हा तेच, आणखी लहान हालचालीने.

कधी उलटंही होतं: स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. तेव्हा अजून वळवू नका. थोडं सैल सोडा, पाय हळू उचला, पुढची चाकं पकड घेतील.

हे वाचून येत नाही, करावं लागतं. पण रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी फिरवून शिकण्याची जुनी युक्ती आता महागात पडते. ओंटारिओत स्टंट ड्रायव्हिंगचा कायदा २०२२ पासून पार्किंगच्या जागांनाही लागू आहे; लायसन्स जागच्या जागी ३० दिवसांसाठी आणि गाडी १४ दिवसांसाठी जाते. मोटर क्लब हिवाळ्यात बर्फावर एक दिवसाचे वर्ग घेतात, क्युबेकमध्ये मेकाग्लिससारखी खास केंद्रं आहेत. तिथे शिक्षक शेजारी बसतो आणि तुम्ही मनसोक्त घसरता. महागड्या सायलेन्सरवर खर्च करण्याआधी हा एक दिवस विकत घ्या, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

पायरी सहावी: अडकलात तर

आधी उतरून चाकांपुढचा, मागचा आणि पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा. मग ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करा, कारण चाक फिरलं की ते इंजिनची ताकद काढून घेतं आणि गाडी हलतच नाही. चाकाखाली वाळू टाका. दुसऱ्या गिअरमध्ये थोडं पुढे, रिव्हर्समध्ये थोडं मागे, असा झोका देत जागा वाढवा. चाकाखाली पायपुसणं घालत असाल तर गाडीमागे कुणी उभं राहू नये. ते गोळीसारखं मागे येतं. निघालात की ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा चालू करा.

गाडी ओढून काढायचा हूक बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत डिक्कीतल्या हत्यारांबरोबर असतो आणि बंपरच्या छोट्या झाकणामागे आटे असतात. ते झाकण कुठे आहे हे ऑक्टोबरमध्येच बघून ठेवा. उणे १५ मध्ये, अंधारात, हातमोजे काढून शोधायची ती गोष्ट नव्हे.

हायवेवर वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. तासाला दहाएक मिनिटं इंजिन लावा, त्याआधी दर वेळी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा आणि एक काच किंचित उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्लँकेट, टॉर्च, फोनचा चार्जर, पाणी आणि खाण्याचं काहीतरी डिक्कीत असू द्या.

कधी न्यायची नाही

बर्फाची उंची पोटाखालच्या जागेपेक्षा जास्त असेल, तर नाही. थिजणारा पाऊस (पडताच रस्त्यावर गोठणारा, फ्रीझिंग रेन) पडत असेल, तर नाही. त्यावर कुठलाच साधा विंटर टायर पकडत नाही. बॅरीच्या उत्तरेला हायवे ४०० वर जायचं असेल तर स्नो स्क्वॉलचा, म्हणजे अचानक येणाऱ्या दाट बर्फाच्या झोडीचा इशारा आहे का ते बघा. जॉर्जियन बेच्या तुलनेने उबदार पाण्यावरून थंड वारा वाहिला की किनाऱ्यालगत बर्फाचे पट्टे तयार होतात, आणि स्वच्छ उन्हातून पाच मिनिटांत काही न दिसणाऱ्या भिंतीत शिरायला होतं. ओंटारिओ ५११ या सरकारी संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती आणि कॅमेरे दोन्ही दिसतात; निघण्याआधी ते उघडायची सवय लावा. अशा दिवशी गो ट्रेन (टोरांटो परिसरातली लोकल) घ्या, नाहीतर घरून काम मागा.

आणि मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं म्हणून समर टायर घालायची घाई नको. एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा, रात्रीचं तापमानही सातच्या वर टिकू लागलं की बदला. काढलेले विंटर टायर धुऊन, वाळवून, कुठला कुठल्या चाकाचा ते खडूने लिहून, उन्हापासून दूर ठेवा.